ऑरगॅनिक कोला घेण्याआधी: मराठवाड्यातल्या घरांसाठी बाटली वाचण्यापासून ग्लास भरण्यापर्यंत

चैत्र लागला की आमच्याकडं पाहुण्याला आधी थंडं विचारतात, ख्यालीखुशाली नंतर. परभणी-नांदेडचा पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा किराणा दुकानातल्या फ्रिजचं दार दिवसभर धड बंद होत नाही, आणि त्यातून सगळ्यात जास्त निघतो तो काळा कोला. अलीकडं छत्रपती संभाजीनगरच्या मॉलमध्ये आणि घरपोच माल पाठवणाऱ्या ॲपांवर त्याच कोलाच्या शेजारी 'ऑरगॅनिक' म्हणवणारे कोला, जिंजर एल (आल्याच्या चवीचं गॅसवालं पेय), लेमोनेड दिसायला लागले आहेत. किंमत नेहमीच्या बाटलीच्या कितीतरी पट. लेकरांना थंडं तर पाजायचंय, पण जिवाला लागून राहिलंय, अशा आईबापांचा हात हमखास त्या बाटलीकडं जातो.

माझं मत आधीच सांगून टाकते. ऑरगॅनिकचा शिक्का ऊस कसा पिकवला ते सांगतो. बाटलीत साखर किती आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निवड सोपी होते.

पहिली पायरी: तुम्हाला नेमकं काय टाळायचंय?

दुकानात जाण्याआधी घरीच हे ठरवा, कारण प्रत्येक काळजीचं उत्तर वेगळं आहे.

साखर टाळायची असेल, तर ऑरगॅनिक कोलाचा फारसा उपयोग नाही. नेहमीच्या कोलात 100 मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. ऑरगॅनिक कोलात बहुधा 8 ते 10 ग्रॅम सापडेल. मधुमेह असणाऱ्याच्या रक्ताला ऊस कोणत्या शेतातला हे कळत नाही. शिवाय ऑरगॅनिकच्या नियमांत ॲस्पार्टेम, सुक्रालोजसारख्या कृत्रिम स्वीटनरला जागा नाही, त्यामुळं 'झिरो' कोलाचा ऑरगॅनिक जोडीदार शोधण्यात वेळ घालवू नका. तसं छापलेली बाटली दिसलीच तर आधी मागची बाजू वाचा.

रंग, प्रिझर्व्हेटिव्ह आणि फॉस्फोरिक ॲसिड नको असेल, तर मात्र ऑरगॅनिकमध्ये खरा फरक मिळतो. तो पुढं सविस्तर येईल.

रासायनिक फवारणी, जमिनीचा कस, शेतकरी यांची काळजी असेल, तर शिक्का त्यासाठीच आहे. फक्त तो शिक्का खरा आहे का, हे बघायला शिकावं लागतं.

आणि दातांची काळजी असेल, तर दोन्ही कोला सारखेच समजा. फॉस्फोरिक ॲसिडच्या जागी लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड आलं तरी पेय आंबटच राहतं, आणि आंबट पेय दिवसभर घोट-घोट पीत राहिलं की दातांवरचं एनॅमल झिजतं. जेवणासोबत एकदाच पिऊन संपवणं बरं.

दुसरी पायरी: त्या बाटलीत ऑरगॅनिक असतं तरी काय?

कोलाचा जन्म 1886 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याच्या हातून झाला. आपल्याकडं 1977 मध्ये कोका-कोला देश सोडून गेली आणि त्याच वर्षी थम्स अप आलं, म्हणून आपल्या जिभेवर कोलाची जी चव बसली आहे ती जरा तिखट आणि झणझणीत. पण कोणताही कोला घ्या, सांगाडा तोच: पाणी, साखर, गॅस, एखादं ॲसिड, काळा रंग, कॅफिन, आणि दालचिनी, जायफळ, व्हॅनिला, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल अशांची मिळून झालेली चव.

आता हिशोब बघा. भारतातल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या, म्हणजे एनपीओपीच्या नियमांनुसार मिश्र पदार्थाला 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर त्यातले किमान 95 टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय हवेत. 70 ते 95 टक्क्यांच्या मधल्या मालावर फक्त 'सेंद्रिय घटक वापरून केलेलं' असं लिहिता येतं, आणि 70 च्या खाली असेल तर 'ऑरगॅनिक' हा शब्द घटकांच्या यादीबाहेर येऊच शकत नाही. पण या टक्केवारीत पाणी आणि मीठ धरत नाहीत. कोलातून पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त साखरच असते. म्हणजे ऑरगॅनिक कोला विकत घेताना तुम्ही प्रामुख्यानं ऑरगॅनिक साखरच विकत घेत असता.

ती साखर वाईट आहे असं नाही. आपल्या बहुतेक कारखान्यांत रस स्वच्छ करताना गंधकाचा धूर देतात, सेंद्रिय साखरेत ते करत नाहीत. उसाला रासायनिक खत आणि तणनाशक पडत नाही, हा फायदा जमिनीला आणि फवारणी करणाऱ्या माणसाला मिळतो. पण शुद्ध केलेल्या साखरेत कीटकनाशकाचा अंश तसाही फारसा उरत नाही, तेव्हा पोटासाठी म्हणून जास्तीचे पैसे मोजणार असाल तर हिशोब चुकतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालणार नाही: ऊस सेंद्रिय असला तरी पाणी तेवढंच पितो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ठिबकवर घेतलेला ऊस आणि पाटानं मोकळं पाणी दिलेला ऊस, यांतला फरक कोणताही ऑरगॅनिक शिक्का सांगत नाही.

तिसरी पायरी: शिक्के ओळखा

देशात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद सेंद्रिय मालासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2017 चे नियम लागू आहेत. दोन वाटांनी प्रमाणपत्र मिळतं. एक एनपीओपी, जिथं त्रयस्थ प्रमाणन संस्था शेत आणि कारखाना तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, जिथं शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात आणि वरची परिषद त्यावर नजर ठेवते. दोन्हींचा माल 'जैविक भारत' हे हिरवं चिन्ह लावत आला आहे; 2025 मध्ये 'इंडिया ऑरगॅनिक' हे नवं एकत्रित चिन्हही आलं. पीजीएसमध्ये 'ग्रीन' आणि 'ऑरगॅनिक' अशी दोन चिन्हं आहेत. ग्रीन म्हणजे शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडं वळण्याच्या काळात आहे. ती फसवणूक नव्हे, पण त्या मालाला पूर्ण सेंद्रियचा भाव देऊ नका.

बाटली हातात घेतल्यावर बघायचं ते असं: जैविक भारतचं किंवा नवं इंडिया ऑरगॅनिकचं चिन्ह आहे का, प्रमाणन संस्थेचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का, आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे का. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव आणि परवान्याची मुदत दिसते. फोनवर मिनिटभराचं काम आहे, आणि बाटली महाग असेल तर ते करायलाच हवं.

परदेशी बाटलीवर युरोपचं हिरवं पान किंवा अमेरिकेचा 'यूएसडीए ऑरगॅनिक' शिक्का असतो. त्यासोबत आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा एफएसएसएआय परवाना असलेलं लेबल नसेल तर ती बाटली कोणत्या वाटेनं इथं आली हे कुणीच सांगू शकत नाही. परत ठेवा.

'नॅचरल', 'प्युअर', 'हर्बल', 'देशी', 'केमिकल फ्री' यांतला एकही शब्द ऑरगॅनिकच्या जागी धरू नका. हिरवा रंग, पानाचं चित्र आणि गोणपाटासारखं दिसणारं लेबल यांनाही काही अर्थ नाही.

आठवडी बाजारात आलं-लिंबाचं सरबत किंवा गूळ विकायला बसलेल्या लहान शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला या नियमांतून सूट आहे, पण मग त्याला जैविक भारतचं चिन्ह लावता येत नाही. त्याच्याकडं चिन्ह नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला शेत कुठं आहे, तण कसं काढता, कीड पडली तर काय फवारता, असं सरळ विचारा. जो खरंच करतो तो दशपर्णी अर्काच्या, म्हणजे झाडपाल्याच्या कीडनाशकाच्या, वासापासून मजुरीच्या खर्चापर्यंत सगळं सांगत बसतो.

चौथी पायरी: घटकांची यादी वाचा

इथं जरा वेळ द्या, कारण दोन कोलांतला खरा फरक या बारीक अक्षरांत आहे.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. नेहमीच्या कोलाची यादी साधारण अशी: कार्बोनेटेड वॉटर, शुगर, ॲसिडिटी रेग्युलेटर 338, कॅफिन, परवानगी असलेला रंग 150डी, फ्लेवर. यातला 338 म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड. 150डी हा अमोनिया आणि सल्फाइटची संयुगं वापरून केलेला कॅरॅमल रंग. 2011-12 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात या रंगात तयार होणाऱ्या 4-एमईआय या उपपदार्थावरून इशारा छापायची वेळ आली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी तिथल्या कोलासाठी रंग करायची पद्धत बदलली. फॉस्फोरिक ॲसिडबद्दलही हाडांच्या बाजूनं शंका घेतली जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या 2006 च्या अभ्यासात नेमानं कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी दिसली. कोलामुळंच ती कमी झाली असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

प्रमाणित ऑरगॅनिक कोलात 338 आणि 150डी या दोघांनाही मज्जाव. आंबटपणा लिंबाच्या आटवलेल्या रसातून किंवा सायट्रिक ॲसिडमधून (330) येतो. काळेपणा जळालेल्या साखरेच्या पाकातून, माल्टमधून किंवा फळाच्या आटवलेल्या रसातून. कॅफिन कॉफी, चहा किंवा कोलाच्या बियांतून. सोडियम बेंझोएट (211) आणि पोटॅशियम सॉर्बेट (202) हेही नसायला हवेत. चवीच्या ठिकाणी 'नेचर आयडेंटिकल' किंवा 'आर्टिफिशियल' लिहिलेलं असेल तर वरचा ऑरगॅनिक शब्द कितीही ठळक असो, शंका घ्या.

समजा यादी अशी आहे: 'कार्बोनेटेड वॉटर, ऑरगॅनिक केन शुगर, ॲसिडिटी रेग्युलेटर 338, 150डी, ॲडेड फ्लेवर'. इथं ऑरगॅनिक आहे ती फक्त साखर, बाकी सगळा जुनाच कोला. अशा बाटलीवर 'मेड विथ ऑरगॅनिक शुगर' छापून किंमत वाढवलेली असेल तर ती साखरेच्या नावानं घेतलेली आहे. त्यापेक्षा नेहमीची बाटली घेतली तर निदान पैसे तरी वाचतील.

पाचवी पायरी: साखर आणि कॅफिन मोजा

पोषण तक्त्यात 'ॲडेड शुगर'ची ओळ शोधा. आकडा 100 मिलीचा आहे की एका बाटलीचा, हे आधी बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दोन हजार कॅलरींचा आहार असणाऱ्या मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. 100 मिलीला 10 ग्रॅमचा कोला 300 मिली प्यायलात की 30 ग्रॅम झाले. त्यानंतर दुपारचा चहा आणि पाहुणे म्हणून आणलेली बालूशाही आहेच. ऑरगॅनिक बाटल्यांची तुलना करताना मी तरी 100 मिलीला 7 ग्रॅमच्या वर असलेली बाजूला ठेवते.

कॅफिनही तेवढंच बघायचं. कोलाच्या बियांतून किंवा कॉफीतून आलेलं कॅफिन हे कॅफिनच असतं. आपल्याकडं साध्या कार्बोनेटेड पेयात लिटरला 145 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, त्यापुढचं पेय एनर्जी ड्रिंकच्या वर्गात जातं. लहान लेकरांसाठी घ्यायचं असेल तर कोला सोडून कॅफिन नसलेलं ऑरगॅनिक जिंजर एल किंवा लेमोनेड बघा. लेकरू रात्री अकराला टक्क जागं असलं की घरच्यांना याचं महत्त्व पटतं.

मध्येच पाण्याबद्दल

2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं नामांकित थंड पेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि देशभर गदारोळ झाला. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष शरद पवार होते. 2004 च्या अहवालात समितीनं ते निष्कर्ष मान्य केले. त्या प्रकरणात बोट मुख्यतः भूजलाकडं दाखवलं गेलं होतं, आणि ऑरगॅनिकच्या टक्केवारीत पाणी धरतच नाहीत. म्हणून मोठ्या बाटलीबंद कंपनीपेक्षा एखादा नवा, लहान, घरगुती 'ऑरगॅनिक सोडा' घेताना पाणी कुठलं, बोअरचं की शुद्ध केलेलं, तपासणीचा अहवाल आहे का, हे नक्की विचारा. कोपऱ्यावरच्या गोटी सोड्यालाही हाच प्रश्न लागू पडतो.

सहावी पायरी: विकत घेणं आणि घरी आणणं

किंमत नेहमी प्रति मिली बघा. परदेशी कॅन 250 मिलीचा, देशी बाटली 300 ची, मोठी 750 ची, नुसत्या एमआरपीवरून काही कळत नाही. ऑरगॅनिक असल्यानं करात सूट मिळत नाही: साखर किंवा चव घातलेल्या कार्बोनेटेड पेयांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. परदेशी बाटलीवर आयात शुल्कही पडतं. म्हणून आयात केलेला ऑरगॅनिक कोला लग्नाच्या पंगतीत वाटायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. वाढदिवसाला चार बाटल्या, इथवर ठीक.

प्लॅस्टिकच्या बाटलीतून गॅस हळूहळू निसटतो, काच आणि कॅन तो जास्त दिवस धरून ठेवतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसल्यानं ताजी तारीख बघून घ्या. वैशाखात काचेची बाटली स्कूटरच्या डिकीत टाकून गावभर फिरू नका, आणि उतरल्या उतरल्या फ्रीजरमध्येही कोंबू नका. उन्हात गॅसचा दाब वाढतो आणि फ्रीजरमध्ये पाणी गोठून फुगतं, काच दोन्हीकडं फुटते. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायची.

सातवी पायरी: नाहीतर घरीच करा

मराठवाड्यात राहणाऱ्याला मला हाच रस्ता जास्त पटतो. नुसत्या सोड्यावर, म्हणजे साखर आणि चव नसलेल्या पाण्यावर, जीएसटी 5 टक्के आहे. उरलेलं सामान आपल्याच भागात पिकतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. खुलताबाद, फुलंब्री, कन्नड पट्ट्यात आलं भरपूर होतं. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही 2024 मध्ये मानांकन मिळालं.

इथं ऑरगॅनिकचे पैसे कुठं घालायचे ते लक्षात घ्या. कोलाची चव सालीतून येते, आणि बाजारातल्या मोसंबी-लिंबावरची फवारणी आणि मेण सालीवरच बसतं. तेव्हा मोसंबी, लिंबू आणि आलं या तीन गोष्टी सेंद्रियच घ्या. साखर सेंद्रिय मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी अडत नाही. रंगासाठी गुऱ्हाळातला काळपट गूळ आणा. पिवळाधमक, चकचकीत गूळ नको, तो रंग बहुधा हायड्रोस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर टाकून आणलेला असतो. भेंडीच्या झाडाच्या चिकट रसानं मळी काढणारं गुऱ्हाळ अजून कुठं चालू असेल तर तिथूनच घ्या.

सामान: पाणी अर्धा लिटर, साखर 400 ग्रॅम, काळा गूळ 50 ग्रॅम, दोन मोसंबी आणि दोन लिंबांची साल, दालचिनीचा बोटभर तुकडा, धणे अर्धा चमचा, चक्रीफुलाच्या दोन पाकळ्या, आल्याचा इंचभर तुकडा, चिमूटभर किसलेलं जायफळ, लिंबाचा रस 60 मिली, व्हॅनिलाचे चार-पाच थेंब.

साल किसणीनं हलक्या हातानं काढा. वरचा रंगीत थर तेवढाच हवा, खालचा पांढरा भाग आला की पाक कडू होतो आणि मग कितीही साखर घातली तरी तो कडूपणा जात नाही. धणे, दालचिनी, चक्रीफूल जाडसर कुटून, आलं ठेचून, साल आणि जायफळासह पाण्यात घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं उकळा. गॅस बंद करून झाकलेलंच गार होऊ द्या, चव या वेळात उतरते. मलमलच्या कपड्यातून गाळा. आता साखर आणि गूळ घालून परत गरम करा, विरघळलं की लगेच उतरवा. घट्ट करत बसलात तर तो चिक्कीचा पाक होईल. पूर्ण गार झाल्यावर लिंबाचा रस आणि व्हॅनिला घाला. लिंबाचा रस गरम पाकात पडला की त्याचा ताजेपणा उडतो.

साधारण 740 मिली पाक होतो. म्हणजे 30 मिलीत 18 ग्रॅम साखर. 250 मिलीच्या ग्लासात 30 मिली पाक आणि वरून गार सोडा घातला तर 100 मिलीला सात ग्रॅमच्या जरा वर पडतं. 20 मिली पाक घातला तर ग्लासात 12 ग्रॅमच. सुरुवात तिशीनं करा आणि आठवड्याभरात विशीवर या, जीभ कुरकुर न करता वळते.

ग्लासात आधी पाक, मग बर्फ, शेवटी सोडा कडेनं ओतायचा आणि चमच्यानं एकदाच हलवायचं, जास्त ढवळलं तर गॅस उडून जातो. रंग विकतच्या कोलाएवढा काळा येणार नाही, ताज्या काकवीसारखा तांबूस येईल. कॅफिन यात नाही. मोठ्यांना हवंच असेल तर दोन चमचे थंड कडक कोरा चहा घाला. झणझणीत आवडत असेल तर काळं मीठ चिमूटभर, पण ते टाकताच फेस उसळतो, ग्लास काठोकाठ भरलेला नको. चिंचेचा आंबटपणा आवडणाऱ्यांनी लिंबाचा रस निम्मा करून त्या जागी पानचिंचोलीच्या चिंचेचा पातळ गाळलेला कोळ घालून बघावा. तो कोलापासून जरा लांब जातो, पण दुपारच्या भाकरीनंतर तोच बरा लागतो.

पाक उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. वास आंबूस आला, तळाशी बुडबुडे दिसले किंवा झाकण उघडताना फुस्स आवाज झाला, तर तो पाक आंबलाय, टाकून द्या. लोडशेडिंग लांबलं तर बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि त्या दिवशी ग्लास जास्त भरा.